फूल येईपर्यंत

बालरोगतज्ज्ञाकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला, की लसीकरण, स्तनपान किंवा परीक्षेचा ताण यांपैकी काहीतरी हाती पडणार, हे संपादकांना ठाऊक असते आणि वाचकांनाही. हे तिन्ही विषय मी याच पानांवर यापूर्वी उरकून टाकले आहेत. यंदा विषयाची मोकळीक मिळाली, म्हणून पपईवर लिहिते आहे. डॉक्टरमंडळींनी लगेच पान उलटू नये. लेखात एक तान्हे मूलही आहे.

माझे बालपण बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात गेले. न्हाणीघराचे सांडपाणी परसात जिथे मुरे, तिथे पपईची चार-पाच झाडे आपोआप उगवलेली असत. त्यांतले एक झाड भलतेच उंच होते. त्याला फिकट पिवळ्या, सुवासिक फुलांचे लांबलचक लोंबते झुबके येत. फळ मात्र एकही धरत नसे. आजीने एके दिवशी सुताराकडून मोठा खिळा आणवला आणि त्या झाडाच्या खोडात ठोकविला. "धाक बसला की धरेल," हे तिचे शास्त्र. आश्चर्य असे, की पुढच्या वर्षी त्याच झाडाला हातभर देठाच्या टोकाशी दोन लहान पपया लटकल्या. आजीची कीर्ती आळीभर पसरली आणि आजूबाजूच्या तीन वाड्यांतील झाडांनी खिळे खाल्ले. त्या दोन पपयांचे कोडे मला उलगडले ते वैद्यकाची पदव्युत्तर पदवी घेऊन बरीच वर्षे लोटल्यावर.

वनस्पतींनाही नर-मादी असतात, हे प्रयोगाने दाखवून देणारा मनुष्य आपल्याच व्यवसायातला होता, ही गोष्ट आपल्या मंडळात फारशी कुणाला ठाऊक नसावी. रुडॉल्फ याकोब कामेरारियस हा जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक आणि तेथील वनस्पती-उद्यानाचा प्रमुख होता. जवळपास नर झाड नसलेल्या तुतीला फळे तर आली, पण त्यांतील बिया पोचट निघाल्या, हे त्याच्या नजरेने टिपले. मग त्याने एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वीच खुडून पाहिली, मक्याच्या कणसांवरील रेशमी झुपके कापून पाहिले. दोन्हीकडे बी धरले नाही. हे सारे त्याने २५ ऑगस्ट १६९४ रोजी आपल्या एका मित्राला, गीसेन येथील प्राध्यापक व्हॅलेंटिनी यांना, पत्राने कळविले. व्हॅलेंटिनीही वैद्यकाचेच. दोन डॉक्टरांच्या पत्रव्यवहारातून वनस्पतिशास्त्राचे एक दालन उघडले, असे म्हणायला हरकत नाही. हल्ली आपण एकमेकांना काय पाठवतो, ते असो.

बहुतेक फुलझाडांच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारी-शेजारी नांदतात. जास्वंद पाहा, धोतरा पाहा. भोपळा, काकडी, मका यांच्यात फुले वेगळी, पण वेल वा झाड एकच. नर झाड निराळे आणि मादी झाड निराळे, अशी कडक विभागणी मात्र शंभर जातींमागे जेमतेम पाच-सहा जातींत आढळते. संख्येने थोड्या असल्या, तरी त्यांतल्या कितीतरी आपल्या रोजच्या परिचयाच्या आहेत: पपई, तोंडली, कर्टोली, परवल, कच्छचा खजूर, कोकणातले जायफळ. बी लावून वाढविलेल्या जायफळाला फूल यायला पाच-सात वर्षे लागतात आणि तेव्हा कळते, की निम्मी झाडे नर आहेत. म्हणूनच तिकडे मादी झाडाची कलमे बांधण्याचा प्रघात पडला.

ही विभागणी कोण करते? मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, कार्ल कॉरेन्स, याने १९०७ साली या प्रश्नाला हात घातला. ब्रायोनिया नावाच्या, काकडीच्या कुळातील वेलीच्या दोन जाती त्याने घेतल्या: एकीत नर-मादी वेली वेगळ्या, दुसरीत दोन्ही फुले एकाच वेलीवर. पहिल्या जातीच्या मादीवर दुसऱ्या जातीचा पराग घातला, तेव्हा संतती जवळजवळ सगळी मादी निघाली. उलट, दुसऱ्या जातीच्या फुलावर पहिल्या जातीच्या नराचा पराग घातला, तर निम्मे नर, निम्म्या माद्या. निष्कर्ष उघड होता: त्या नराचे परागकण दोन प्रकारचे असतात आणि संततीचे लिंग परागाकडून ठरते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०५ साली, नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठातल्या अळीच्या भुंग्यात हेच गुणसूत्रांच्या आधारे दाखविले होते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावण्याचा शास्त्रीय आधार तेव्हाच संपला. शंभराहून अधिक वर्षे झाली. माझ्या बाह्यरुग्ण विभागात मात्र तो बोल अजून आठवड्यातून एकदा तरी कानी पडतो.

आता पपईकडे वळते. पपईत दोन नव्हे, तीन प्रकारची झाडे असतात: मादी, नर आणि उभयलिंगी. स्टोरी आणि हॉफमायर या दोन संशोधकांनी १९३८ साली, एकमेकांपासून दूर राहून, या तिघांचा हिशेब जुळविला. आजच्या भाषेत सांगायचे, तर मादीत दोन एक्स. नरात एक एक्स आणि एक वाय. उभयलिंगी झाडात एक एक्स आणि एक किंचित निराळा वाय. दोन्ही वाय एकत्र आले, मग ते कोणत्याही प्रकारचे असोत, तर गर्भ जगत नाही. त्यामुळे उभयलिंगी झाडाच्या स्वपरागणातून मेंडेलच्या हिशेबाने जे चार भाग व्हायला हवेत, त्यांतला एक बीजातच नाहीसा होतो आणि उरतात दोन भाग उभयलिंगी, एक भाग मादी. आपल्या शास्त्रातही हाच नियम दिसतो: एकटा एक्स घेऊन जन्मलेली टर्नर सिंड्रोमची मुलगी आपण वाढवितो, पण एक्सशिवाय केवळ वाय घेऊन जन्मलेले मूल जगात कुणी पाहिलेले नाही. जगण्याला अत्यावश्यक अशी जनुके एक्सवर आहेत आणि वायने ती वाटेत गमावली आहेत. झाडाच्या आणि माणसाच्या वायने ती स्वतंत्रपणे गमावली, हे मला विलक्षण वाटते.

पपईचा वाय वयाने अगदी कोवळा आहे. माणसाचा वाय १५ कोटी वर्षांहून जुना आणि झिजत आलेला. पपईतील एक्स-वायची फारकत सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची. सूक्ष्मदर्शकाखाली ही जोडी वेगळी ओळखूही येत नाही. पपईचा जनुकसंच २००८ साली वाचून झाला. २०१२ साली उभयलिंगी वायवरील लिंगनिश्चितीचा पट्टा उलगडला गेला. तो सुमारे ८० लाख अक्षरांचा निघाला, आणि एक्सवरील त्याचा जोडीदार ३५ लाखांचा. तुलनेसाठी सांगते, माणसाचा वाय पुरता वाचायला २०२३ साल उजाडावे लागले आणि तो ६ कोटी २० लाखांहून थोडा अधिक भरला.

पण मला सर्वांत रोचक वाटली ती २०१५ सालची गोष्ट. मध्य अमेरिकेतील रानटी पपईत उभयलिंगी झाड आढळत नाही, तिथे केवळ नर आणि मादी असतात. उभयलिंगी वाय हा नराच्या वायपासून अवघ्या ४,००० वर्षांपूर्वी निघाला, असा अंदाज त्या वर्षी मांडला गेला. माया संस्कृतीच्या पूर्वजांपैकी कुणा शेतकऱ्याला एका नर झाडावर फळे दिसली असतील, आणि त्याने त्याचे बी राखून ठेवले असेल. पोर्तुगीज १६व्या शतकात पपई भारतात घेऊन आले, तेव्हा त्या फळासोबत हा सारा इतिहासही जहाजातून उतरला.

इथे आजीच्या खिळ्याचा उलगडा होतो. ब्रायन आणि डेबोरा चार्ल्सवर्थ यांनी १९७८ साली असे मांडले, की उभयलिंगी पूर्वजापासून नर-मादी वेगळे व्हायला दोन बदल पुरतात: एक पुंकेसर घडविणाऱ्या जनुकात, दुसरा स्त्रीकेसराला दाबून टाकणारा, आणि दोन्ही एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेले हवेत. आपल्या शतावरीच्या जातकुळीतील, पाश्चात्त्य जेवणातल्या अ‍ॅस्परॅगसमध्ये अशी दोन जनुके २०१७ नंतर खरोखरच सापडली; त्यांतले दाबणारे जनुक निकामी केले, की नर झाड उभयलिंगी होते. पपईच्या नरात स्त्रीकेसर दाबण्याचा हुकूम असतो, पण तो पोलादी नसतो. हवामान बदलले, ऋतू पालटला, की काही नर झाडांत तो सैल पडतो आणि लांब देठाला एखाद-दुसरे फळ लटकते. मादी झाड मात्र आपले लिंग कधी बदलत नाही. म्हणजे खिळा ठोकला नसता, तरी त्या दोन पपया आल्याच असत्या. मुलगा होण्याचे औषध देणाऱ्यांची प्रॅक्टिसही याच खिळ्यावर चालते. निम्म्या वेळा यश हमखास. अपयश आले, तर पथ्य पाळले नाही!

एवढे वाचून कुणाला वाटेल, की लिंग म्हणजे केवळ गुणसूत्रांचा हिशेब. तसे ते नाही, आणि हे सांगायला तोंडलीसारखा साक्षीदार नाही. लग्नातील मसालेभातात जिच्या चकत्या असल्याच पाहिजेत, ती ही तोंडली वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे, कारण तिच्या नर वेलीतील वाय गुणसूत्र इतर सगळ्या गुणसूत्रांपेक्षा कितीतरी मोठे, डोळ्यांत भरणारे आहे. हे प्रथम नोंदविणाऱ्यांत कुमार आणि देवडीकर ही नावे येतात. त्यांचा लेख १९४० साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. देवडीकरांनी पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत काम केले. मळ्यात आपण मादी वेलीचेच खुंट लावतो, म्हणून तोंडलीचा नर बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. याच वेलीवर पुण्याच्या आयसरमधील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मादी वेलीवर सिल्व्हर नायट्रेट फवारले, आणि तिच्या फुलांत पुंकेसर उगवले. गुणसूत्रे तीच, दोन एक्सची. वायचा मागमूस नाही. चांदीमुळे इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाचा निरोप अडला आणि कळीने वेगळी वाट धरली. बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर सिल्व्हर नायट्रेट असते ते नाळ पडल्यावर बेंबीत उरलेला मांसाचा मोड जाळायला. त्याच कांडीत इतके सामर्थ्य असेल, असे मला वाटले नव्हते.

तोंडलीचा हा प्रयोग वाचत असताना मला १९९७ सालची एक रात्र आठवली, आणि खरे म्हणजे हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. प्रसूतिगृहातून नवजात बाळ तपासायला बोलावणे आले. पादरा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचे ते पहिले बाळ होते. दाईने "मुलगा" असे जाहीर करून टाकलेच होते. बाह्य अवयव मुलाचेच दिसत होते. मूत्रमार्गाचे छिद्र थोडे खाली होते आणि दोन्ही वृषणे हाताला लागत नव्हती. मी तपासले, 'वृषणे न उतरलेली' असे कागदावर लिहिले, लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' लिहिले आणि पुढच्या खाटेकडे गेले. ज्या बाळाची दोन्ही वृषणे लागत नाहीत, त्याचे लिंग तपासणीशिवाय सांगू नये, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पहाटेचे तीन वाजले होते, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. सकाळी गावात पेढे वाटले गेले.

बाराव्या दिवशी ते बाळ परत आले: उलट्या, वजन घटलेले, डोळे खोल, अंग गार. रक्तातील सोडियम तळाला गेलेले आणि पोटॅशियम चढलेले. मोठ्या सरांनी कागदावरील माझे अक्षर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता हायड्रोकॉर्टिसोन मागविले. बाळाला अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार होता. एक विकर कमी पडल्याने कॉर्टिसोल बनत नाही, मीठ शरीरात टिकत नाही आणि सारा कच्चा माल पुरुष-संप्रेरकांकडे वळतो. गर्भात ती संप्रेरके मिळाल्याने बाहेरचे अवयव मुलासारखे घडले होते. आत गर्भाशय होते, बीजकोश होते. गुणसूत्रांचा अहवाल काही आठवड्यांनी मुंबईहून आला, तो दोन एक्सचा. चांदी फवारलेल्या मादी वेलीची कळी आणि हे बाळ यांत मला आज साम्य दिसते. तेव्हा तेवढे सुचायला उसंत नव्हती.

ती मुलगी आहे, हे वडिलांना सांगण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपविले. शिक्षा म्हणून की शिक्षण म्हणून, ते मी कधी विचारले नाही. मी चित्रे काढून समजावले. गोळ्या आयुष्यभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. त्या घेतल्या, तर ही मुलगी इतर मुलींसारखी वाढेल, असे सांगितले. ते गृहस्थ खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बेन, मी पपई लावतो. एका खड्ड्यात तीन रोपं लावायची. मधुबिंदूचं बी आहे, नर की मादी ते कुणालाच सांगता येत नाही. फूल आलं की मग नर उपटायचे, दहा माद्यांमागं एक ठेवायचा. फूल येईपर्यंत आम्ही पाच महिने थांबतो. तुम्हाला दोन दिवस थांबता आलं नाही?"

मी उत्तर दिले नाही. क्षमा मागितली, तीही पुरेशी मागितली की नाही, कोण जाणे.

पंधरा दिवसांनी दाखवायला या, असे सांगितले होते. सोळावा दिवस गेला, अठरावा गेला. पेढे वाटून झालेले, मुलगा म्हणून गावभर झालेले, आणि आता घरात मुलगी, तीही कायम औषधावर. गोळ्या बंद केल्या, तर काय होईल, हे मीच त्यांना नीट समजावून सांगितले होते. आणि नेमके तेच मला रात्री आठवत राही. त्या वर्षांत असे घडत नसे, असे आपल्यापैकी कोण म्हणेल? मी एक पोस्टकार्ड टाकले. बाविसाव्या दिवशी ते आले. मुलगी आजीच्या मांडीवर होती, वजन सातशे ग्रॅमने वाढलेले. गाडा अडकला होता, पाऊस होता, गोळ्या गावातूनच आणल्या होत्या. पिशवीत सहा पपया होत्या. आजीने एवढेच विचारले, की नाव बदलावे लागेल ना? तेवढ्याने मला रडू आले, आणि ते सरांनी पाहिले.

पुढे पपईचे जग बदलले. तैवानच्या संकरित बियाण्यात नराचा वाय मुळातच नसतो, त्यामुळे उपटायला नर उरत नाही. मादीचे फळ गोल, उभयलिंगी झाडाचे लांबट, आणि बाजाराला लांबट हवे. उन्हाळा कडक झाला, तर त्याच उभयलिंगी फुलातील बीजकोश खुरटतो आणि फळ धरत नाही. गारठा व ओल वाढली, तर पुंकेसर स्त्रीकेसराला चिकटून वेडेवाकडे फळ येते. रोपाच्या कोवळ्या पानाचा कपटा घेऊन त्याचे लिंग सांगणाऱ्या डीएनए चाचण्या या शतकाच्या आरंभापासून निघाल्या आहेत. फूल येईपर्यंत थांबण्याचे कारण उरलेले नाही.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते, ते आकड्यांत आहे. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंग तपासणीवर बंदी घातली, देशाचा कायदा १९९४ साली झाला, २००३ साली तो अधिक कडक केला गेला. तरीही २००१च्या जनगणनेत गुजरातमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८८३ मुली होत्या, २०११ साली ८९०. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९१३ वरून ८९४ वर घसरले. हे आकडे शेतकऱ्यांनी घडविलेले नाहीत. सोनोग्राफीचा प्रोब त्यांच्या हाती नव्हता. तो ज्यांच्या हाती होता, त्यांतले काही आपल्याच संमेलनांत आपल्या शेजारी जेवायला बसत. पपईच्या शेतात नकोसा असतो तो नर, आणि तोही फूल दाखवून मग जातो.

नवजात बाळाबाबत शंका असेल, तर मी आता लिंगाचा रकाना कोरा ठेवते आणि घरच्यांना सांगते, की दोन-चार दिवस लागतील, नाव ठरवू नका, पेढे आणू नका. टाचेतून रक्ताचे काही थेंब घेतले, की सतरा-हायड्रॉक्सी-प्रोजेस्टेरॉन कळते. शिकाऊ डॉक्टर विचारतात, घरचे घाई करतात, तेव्हा काय सांगायचे? मी पादऱ्याच्या शेतकऱ्याचे वाक्य सांगते.

ती मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. कृषी पदविका घेऊन वडिलांची शेती ती पाहते. गोळ्या चालू आहेत. गेल्या जूनमध्ये तिने मला पपईची तीन रोपे आणून दिली, घरच्या जुन्या मधुबिंदूची, आणि अंगणात एकाच खड्ड्यात स्वतःच्या हाताने लावून दिली. तपासून आणलीस का, असे मी तिला थट्टेने विचारले. ती म्हणाली, "नाही बेन. फूल येऊ दे." दोन रोपांना पानांच्या बगलेत मोठ्या, एकेकट्या कळ्या आल्या आहेत, म्हणजे त्या माद्या. तिसरे अजून नुसतेच वाढते आहे.